शब्दाचं तिकीट

सात नंबरच्या बसमध्ये चढायचं तर शब्द द्यावा लागे. इंग्रजी शब्द, एकच, पण नवा, आणि त्याचा अर्थही. दारात बसमावशी गळ्यात शिट्टी अडकवून, हातात लांबोडकी वही घेऊन उभी असे. मुलानं पायरीवर पाय ठेवला की पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ती विचारी, "तिकीट?" मूल शब्द सांगे, ती तो कानाला लागेल तसा देवनागरीत उतरवून घेई आणि मगच आत सोडी. शब्द नसला तर "उद्या दोन आण" अशी तंबी मिळे. शाळेच्या फाटकात मुलं उतरली की ड्रायव्हर वही स्टिअरिंगवर टेकवून बावीसच्या बावीस शब्द मोठ्यानं वाचून काढी, आणि परतीच्या खेपेला त्यांतला एखादा तरी वापरून दाखवी. बरोबर वापरला तर मुलं टाळ्या वाजवत. चुकला तर जास्त वाजवत.

गंमत बघा, वर्गात शब्दार्थाच्या तासाला डुलक्या काढणारी हीच कार्टी या तिकिटापायी आदल्या संध्याकाळी डिक्शनऱ्या उपसत. हे शाळेला बरेच दिवस कळलं नाही ते बरंच झालं. कळलं असतं तर शाळेनं लगेच त्याचा उपक्रम केला असता, उपक्रमाला गुण ठेवले असते, आणि मग एकाही मुलानं त्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

लहान मुलं अवजड शब्द आणत. त्यांना तोंडात मोठा घास घ्यायची हौसच असते. तिसरीतल्या एकानं 'डिफेनेस्ट्रेशन' आणला. अर्थ, एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणं. ड्रायव्हर त्या शब्दावर बेहद्द खूश झाला. "एवढ्याशा कामाला यांनी अख्खा शब्द राखून ठेवलाय, म्हणजे फेकत असणार वरचेवर," असं तो मावशीला म्हणाला, आणि तेव्हापासून खिडकीबाहेर कुणाचा हात दिसला की बसभर आरोळी घुमे, "हॅण्ड इनसाइड! नाहीतर डिफेनेस्ट्रेशन!" मोठी मुलं मात्र डिक्शनरीत न सापडणारा माल आणत. 'सॉल्टी' म्हणजे खारट नव्हे, मनातून जळफळणारा. 'घोस्ट' करणं म्हणजे कुणाशी काही न सांगता बोलणं तोडून टाकणं. 'क्रिंज' म्हणजे दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होणं. "आमच्याकडे त्याला नुसतं लाज वाटणं म्हणतात," असं पुटपुटत मावशीनं तोही लिहून घेतला.

आता यातली गोम अशी, की पाचव्या रांगेत खिडकीशी बसणारी नववीतली मुलगी ही या ड्रायव्हरची सख्खी मुलगी होती, आणि मावशीखेरीज बसमध्ये कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

घरी तिला सुतळी म्हणत. अंगानं बारीक आणि पीळ भलता. शाळेत कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दोन जागा राखलेल्या असत, त्यातली एक यंदा तिला मिळाली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी बाबा तिच्या नव्या बुटांना पॉलिश करत बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बसमध्ये मला ओळख दाखवू नका हं."

ब्रश क्षणभर थांबला. "चालेल," बाबा म्हणाले. कुणी किती वाजले विचारावं आणि आपण सांगावं, इतक्या सहज म्हणाले. तेच तिला लागलं. रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर तीही तणतणली असती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चालेल म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

मग रोज ती बाबांच्या आधी घरातून निघू लागली. वीस मिनिटं चालत दुसऱ्या स्टॉपवर जायची आणि तिथल्या चार मुलांत मिसळून उभी राहायची. बाबा सायकलवरून डेपोकडे जाताना तिला वाटेत गाठत, पण घंटीसुद्धा वाजवत नसत. थोड्या वेळानं तेच बाबा बस घेऊन येत, दार उघडे, आणि ती म्हणे, "गुड मॉर्निंग, काका." जन्मदात्या बापाला काका. पोटच्या पोरीला हे जमतं तरी कसं, असं कुणी विचारील. जमतं. चौदाव्या वर्षी माणसाला काय वाटेल ते जमतं, फक्त ते पचत नाही.

तिकिटाची कल्पना बाबांची, आणि तिचं मूळ सुतळीच्या प्रगतिपुस्तकात. पहिल्या तिमाहीच्या शेऱ्यात वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं, 'युअर डॉटर इज टॅसिटर्न.' शब्दाचा झोक बघून बाबांना वाटलं, पोरीनं काहीतरी मोठं मिळवलं. त्यांनी ते पुस्तक डेपोभर फिरवलं. पालकसभेला तर शिक्षिकेपुढे हात जोडून म्हणाले, "थँक यू फॉर टॅसिटर्न, मॅडम." शिक्षिका हसल्या, मग ओशाळल्या. सुतळीनं घरी आल्यावर सांगितलं, "बाबा, टॅसिटर्न म्हणजे घुमी. फारसं न बोलणारी." बाबा प्रगतिपुस्तक मिटून म्हणाले, "म्हणजे तुझ्याबद्दल कुणी काय लिहिलं तेही मला कळत नाही." दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही विकत आणली.

एवढं सगळं असूनही तिकिटाचा खेळ तिला आवडे. पायरीवर उभं राहून बाबांना एक शब्द द्यायचा, तेवढंच काय ते बसमधलं दोघांचं बोलणं. ती निवडून आणी. एकदा तिनं 'क्रेपस्क्युलर' आणला, म्हणजे संधिप्रकाशातला. त्या संध्याकाळी डेपोतून घरी येताच बाबा दारातच थांबून आकाशाकडे बोट दाखवत म्हणाले, "बघ, सगळं कसं क्रेपस्क्युलर झालंय." ती खूप वेळ हसत होती, आणि त्या हसण्यात जरासुद्धा लाज नव्हती.

आणि मग कॅप्टननं तो शब्द दिला.

कॅप्टन म्हणजे दहावीतला उंच मुलगा, शाळेच्या फुटबॉल संघाचा कप्तान. मनानं वाईट नव्हता, पण शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला रोज काहीतरी करून दाखवावं लागतं, तसं त्याचं झालं होतं. त्या दिवशी तो पायरीवर थांबला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं एक शब्द म्हणाला. शब्द इथे लिहीत नाही, लिहिण्याजोगा नाही. बाईमाणसाबद्दलची इतकी घाणेरडी शिवी, की कॅप्टनच्या स्वतःच्या घरी ती ऐकू आली असती तर त्याचं थोबाड सुजलं असतं.

"अर्थ?" मावशीनं विचारलं.

"फार मान द्यावा अशी थोर बाई," कॅप्टन म्हणाला.

मावशीनं जिभेला पेन्सिल लावून मन लावून लिहून घेतलं. ड्रायव्हरनं शब्द तोंडात घोळवून बघितला, दोनदा, स्वच्छ आणि ठासून. मागची बाकं फुटली. मग अख्खी बस हसली, ज्यांना अर्थ माहीत नव्हता तीसुद्धा. ड्रायव्हरही हसला. त्याला वाटलं, आपला उच्चार चुकला.

संध्याकाळी बाबा हात धुऊन जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "अगं, आज खास तुझ्यासाठी शब्द आणलाय." आणि म्हणाले. आईच्या तोंडावर.

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे फार मान द्यावा अशी थोर बाई."

"पुरे तुमचं," आई म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला आणि तिनं न मागता त्यांच्या ताटात भात वाढला. सुतळीच्या घशात घास अडकला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर ठसका लागला. "सावकाश गं," आईनं पाठ थोपटली. "ताट कुणी पळवून नेतंय का?"

सांगून टाकायला हवं होतं. तिथेच, ठसका ओसरताच. पण बापाला त्या शब्दाचा अर्थ सांगायचा कोणत्या तोंडानं? मराठीत त्याला जो शब्द आहे तो या घरात कुणी स्वप्नातही उच्चारला नव्हता. बरं, सांगितलं, तर बाबा उद्या बसमध्ये जाब विचारणार. कॅप्टन म्हणणार, काका, तुम्हाला सांगितलं कुणी? बाबांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प राहण्याचं आणखीही एक कारण होतं, पण ते तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. ती तशीच ताटावरून उठली.

कॅप्टनला चटक लागली. पुढच्या दोन महिन्यांत त्यानं आणि त्याच्या दोन दोस्तांनी तसले आणखी चार शब्द वहीत चढवले. एक 'उत्तम गाडी चालवणारा', एक 'शुभ प्रवास', असे अर्थ लावून. दरवेळी सुतळी खिडकीबाहेर बघत बसे. एक बरं होतं, बाबांनी शब्द घरी आणणं बंद केलं होतं. जेवताना मुकाट जेवत, आईनं काही विचारलं तर "हं" म्हणत. थकत असतील, असं सुतळीनं ठरवून टाकलं. आपल्या सोयीचं ते माणूस लवकर ठरवून टाकतो.

मग शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, की त्या रोज एका बसमधून स्वतः येणार आणि मुलं कशी येतात-जातात ते बघणार. सात नंबरची पाळी गुरुवारी.

सोमवारी परतीच्या खेपेला कॅप्टन ड्रायव्हरच्या सीटमागचा दांडा धरून उभा राहिला. "काका, गुरुवारी मोठ्या बाई चढल्या की त्यांना तो शब्द म्हणा. आठवतोय ना? थोर बाईंचा. खूश होतील बघा."

"आठवतोय की," ड्रायव्हर समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तो कसा विसरेन?"

सुतळीनं हे पाचव्या रांगेतून ऐकलं. आतापर्यंतचं बसमधलं बसमध्ये होतं. पण मोठ्या बाईंच्या तोंडावर तो शब्द म्हणजे नोकरी गेलीच. नुसती नोकरी नाही. उभ्या बससमोर, गणवेश घालून, हसऱ्या चेहऱ्यानं बाबा ती शिवी देणार, आणि मग त्यांना अर्थ समजणार. समजल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, हे तिला बघायला लागणार होतं.

मंगळवारी तिनं तिकिटाला 'व्हेनरेबल' आणला. "म्हणजे वंदनीय," ती म्हणाली, आणि आत जायचं सोडून ड्रायव्हरकडे वळली. "काका, मोठ्या बाईंसाठी हा चांगला आहे." बसमध्ये ती त्यांच्याशी इतकं लांब वाक्य कधी बोलली नव्हती.

"बघू या, बाळ," ड्रायव्हर म्हणाला. तो सगळ्याच मुलांना बाळ म्हणे.

बुधवारी संध्याकाळी आई पडद्यांना अस्तर शिवत होती आणि बाबा दाराशी बसून उद्यासाठी बूट चमकवत होते. सुतळी समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या ना..."

ब्रश थांबला. बाबांनी मान वर केली. "काय गं?"

ते वाट बघत राहिले. घाई नाही, काही नाही. आईच्या मशीनची खडखड तेवढी चालू होती. सुतळीनं तोंड उघडलं.

"काही नाही. उद्या मला लवकर निघायचंय."

"बरं," बाबा म्हणाले. जरा वेळानं ब्रश पुन्हा फिरू लागला.

गुरुवारी बस कधी नव्हे इतकी चिडीचूप होती. तिसऱ्या स्टॉपवर मोठ्या बाई उभ्या होत्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. दार उघडलं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तिकीट?" निघालं आणि मावशीनं जीभ चावली.

मोठ्या बाई हसल्या. "ऐकून आहे मी. तयारीनंच आलेय. लिहा, 'लॉलीगॅग'. म्हणजे कामधाम सोडून रेंगाळत बसणं."

बसमध्ये हसू पसरलं. मावशीनं लगबगीनं लिहून घेतलं. बाईंनी आत येऊन दांडा धरला आणि ड्रायव्हरकडे वळल्या. "आता पाहुणीला तुम्ही एक शब्द द्या, ड्रायव्हरसाहेब. तुमचा आवडता."

"काका, तो!" मागून कॅप्टन ओरडला. "बाईंसाठी ठेवलेला! तो द्या!"

"तो द्या, तो द्या!" शेवटच्या बाकानं ताल धरला.

ड्रायव्हरनं घसा साफ केला. सुतळीला वाटलं, अजून कुणीतरी काहीतरी करील. मावशी करील. बस बंद पडेल. बाबांना 'व्हेनरेबल' आठवेल. तिनं समोरच्या सीटचा दांडा गच्च धरला होता, आणि बाबांचे ओठ हलताना तिला दिसले, तशी ती ताडकन उभी राहिली.

"बाबा! तो शब्द नका म्हणू!"

काका म्हणायचं राहून गेलं असं नाही. तिनं ठरवून म्हटलं असंही नाही. घाबरलं की बाबाच तोंडात येतो, तसा आला.

सगळ्या माना पाचव्या रांगेकडे वळल्या. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला आणि सीटवरच्या सीटवर पूर्ण मागे वळून तिच्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच या बसमध्ये त्यांनी तिच्याकडे असं बघितलं होतं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते तिला काही केल्या कळेना.

"नाही म्हणत," ते हळूच म्हणाले. मग मोठ्या बाईंकडे वळून, कमावलेल्या आवाजात, "मॅडम, माय फेव्हरेट वर्ड इज डिफेनेस्ट्रेशन. सो, प्लीज, हॅण्ड इनसाइड द विंडो."

बाई इतक्या मनापासून हसल्या, की लहान मुलांनी टाळ्याच वाजवल्या. मग त्या हसायच्या थांबल्या आणि त्यांनी शेवटच्या बाकाकडे नजर टाकली. तिथे कुणीही हसत नव्हतं. "कुठला शब्द होता, ते मी इथे विचारत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांना माहीत आहे त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावं. मी बोलवायची वाट बघू नये." आणि त्या पहिल्या सीटवर बसल्या.

बस सुटली. सुतळी मटकन खाली बसली. शेजारची दुसरीतली, समोरचा दात पडलेली चिमुरडी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"ते तुझे बाबा आहेत?"

"हो."

"खरेखुरे?"

"खरेखुरे."

"मग तू इथे का बसतेस?" चिमुरडीला हे कोडं सुटेना. "माझे असते ना, तर मी हॉर्नजवळ बसले असते."

मागून काही ऐकू येतंय का, म्हणून सुतळी कान देऊन बसली होती. कुजबुज होती. 'क्रिंज' हा शब्द येईल असं तिला वाटलं होतं. शाळा आली तरी तो आला नाही. आला असता तरी आता काय, गंगेत घोडं न्हालं होतं.

दुपारी कॅप्टन बसमध्ये चढला तो मान खाली घालून. मधल्या सुट्टीत तो स्वतःहून बाईंकडे गेला होता, एवढं सगळ्यांना समजलं होतं. तो ड्रायव्हरच्या सीटपाशी थांबला.

"सॉरी, काका."

"तो मला येतो," ड्रायव्हर म्हणाला. "नवीन काढ."

कॅप्टननं बराच विचार केला. पायानं पायरीची कड खरवडली. "'शॅग्रिन'," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे... आपलं आपल्यालाच वाईट वाटणं. खजील होणं."

"खरा अर्थ ना?"

"खरा, काका. आईशप्पथ."

"लिहा हो मावशी," ड्रायव्हर म्हणाला, आणि गिअर टाकला.

एकेक स्टॉप मागे पडला. सुतळीचा स्टॉप आला, दार उघडलं, मावशीनं तिच्याकडे बघितलं. सुतळी उठली नाही. मावशीनं दार लावलं. शेवटच्या मुलाबरोबर मावशीही उतरून घरी गेली, आणि बापलेक बस घेऊन डेपोत आले.

डेपोत आल्यावर बस धुवायची असते, हे सुतळीला ऐकून माहीत होतं, बघितलेलं नव्हतं. बाबांनी शर्ट काढून हुकाला अडकवला, बनियनवर बादली भरून आणली, आणि सीटा पुसू लागले. तिनं सीटांखाली वाकून बाटल्या, पेन्सिली, एक एकटा मोजा गोळा केला. दोघं आपापलं काम करत राहिली.

शेवटी तीच म्हणाली, "बाबा, त्या शब्दाचा अर्थ कॅप्टननं सांगितला तो नाहीये."

"ठाऊक आहे."

तिच्या हातातली बाटली खाली पडली. बाबांनी डॅशबोर्डवरची वही उचलून तिच्यापुढे धरली. कॅप्टनच्या त्या शब्दासमोर, मावशीच्या अक्षरातला अर्थ तसाच ठेवून, पेन्सिलीनं बारीक अक्षरात खरा अर्थ लिहिलेला होता. तिनं पानं उलटली. पाचही शब्दांसमोर होता.

"तुझ्या आईला जेवताना म्हणालो ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या ग्रंथपालबाईंना म्हणालो," बाबा म्हणाले. "आदरानं. पुस्तकं गाडीतून उतरवून दिली होती, त्या थँक यू म्हणाल्या, म्हटलं आपणही काहीतरी चांगलं बोलावं. त्या खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना उमगलं असणार. जाडजूड डिक्शनरी काढली, पान उघडलं, बोट ठेवलं, आणि पाठ करून उभ्या राहिल्या." त्यांनी फडका बादलीत बुडवला. "जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं बघ. तेव्हापासून त्यांच्याकडेच पडताळून घेतो सगळे."

"मग आज तुम्ही तो म्हणणार नव्हतात?"

"वेडी की काय? बाईमाणसाला?"

"मग मी उगाच ओरडले," सुतळी म्हणाली. तिला एकाच वेळी हायसंही वाटलं आणि रागही आला. "पण मग त्या पोरांना तुम्ही बोलला का नाहीत? दोन महिने लिहून घेत राहिलात!"

"वाईट शब्दसुद्धा शब्दच. उद्या कुणी मला उद्देशून म्हणाला तर कळायला नको?" बाबा थोडे हसले, पण ते हसू टिकलं नाही. ते पुढच्या सीटकडे सरकले आणि तिच्याकडे न बघता पुसत राहिले. "पोरांचं काही नव्हतं गं. पोरं ती. आज ना उद्या त्यांना कळलं असतं. मला कळत नव्हतं ते वेगळंच. तू हुशार. डिक्शनरीतले असले असले शब्द तू मला आणून देतेस. तुला त्याचा अर्थ ठाऊक नसेल, हे कसं शक्य आहे? मग माझी पोर मला सांगत का नाही? रोज वाटायचं, आज सांगेल. काल संध्याकाळी तू येऊन उभी राहिलीस, तेव्हा तर वाटलं, आता सांगतेच."

सुतळी सीटला टेकली. दोन महिने जे तिनं स्वतःपासून झाकून ठेवलं होतं ते आता झाकून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"मी हसले होते, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी. त्यानं तो शब्द दिला आणि तुम्ही म्हणालात, तेव्हा सगळे हसले. मीपण हसले. मग घरी तुम्ही आईला तोच म्हणालात. मग कसं सांगणार होते?"

बाबांनी फडका पिळला. पाणी संपलं तरी पिळत राहिले.

"तेही ठाऊक आहे," ते म्हणाले. "बावीस पोरं हसली म्हणून काय झालं? तुझं हसू मला ओळखू येत नाही होय?"

मग तिला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. बाबा जवळ आले, पण त्यांचे हात ओले आणि काळे होते आणि तिचा गणवेश पांढरा, म्हणून ते नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मनगटानंच तिचे केस मागे सारले आणि कोरडा फडका तिच्या हातात दिला.

"रडून झालं की मागच्या दोन खिडक्या पूस," ते म्हणाले. "मग घरी जाऊ."

तिनं त्या रडत रडतच पुसल्या.